शून्य लिहायच्या आधी हात लावून बघा

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी पुसली जाते. किस्से कोण पुसणार? उलट समितीतलंच कुणीतरी चहा पिता पिता आपला एक त्यात टाकून जातं.

मी अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. कंपनांची प्रयोगशाळा माझ्याकडे. सोसायटीतल्या बायका विचारतात, म्हणजे नेमकं काय करता हो? तर असं. कुठलंही यंत्र घ्या, मनातल्या मनात त्याचे भाग पाडा आणि चौकटींचा एक तक्ता मांडा. पहिला भाग हलला तर दुसऱ्याला किती ओढतो, दुसरा तिसऱ्याला किती. ओढत असेल तर त्या चौकटीत आकडा, अजिबात ओढत नसेल तर शून्य. या तक्त्याला मॅट्रिक्स म्हणायचं. तो सोडवला की हे यंत्र किती तऱ्हांनी हलू शकतं ते बाहेर येतं. तीन वजनं असतील तर तीन तऱ्हा. चार नाही, अडीच नाही. एवढ्यावर माझं पोट चालतं, आणि एवढ्यावरच माझी झोप उडते.

लॅबमध्ये आम्ही तिघं. प्रमुख वानखडे सर, लॅब असिस्टंट रफीकभाई, आणि दर जूनमध्ये नव्यानं नेमली जाणारी कंत्राटी मी. सरांचा एकच नियम. तक्त्यात शून्य लिहायचं असेल तर आधी खुर्चीतून उठायचं, त्या जागी जाऊन हात लावायचा, आणि मगच लिहायचं. "आकडा चुकला तर कुणी तरी तपासतं मॅडम. शून्य चुकलं तर तिकडं कुणी बघतच नाही."

हे किस्से ज्या वर्षीचे, त्या वर्षी मला दुसराच घोर होता. माझी लेक मिठी तेव्हा दोन वर्षांची. नवरा नोकरीनं नागपूरला, फक्त शनिवार-रविवारचा. मिठीला सांभाळणाऱ्या काकू मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. उरलं अकोला. सासूबाई म्हणत होत्या, सेमिस्टर संपेपर्यंत ठेव माझ्याकडे. बाई प्रेमळ. पण त्यांच्या कॉलनीत सगळे रिटायर्ड लोक, लहान मूल औषधालाही नाही. मिठी तिथं दिवसभर एकटी पडेल, बोलायचीच बंद होईल, असं मला सारखं वाटायचं. नोकरी सोडावी की मिठीला सोडावं, हा तक्ता काही सुटत नव्हता.

* * *

सुरुवात साध्या किश्श्यानं करते.

आमच्याकडे स्प्रिंगांना टांगलेल्या तीन वजनांचा एक प्रयोग आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यात तीन आकडे येतात. त्या दिवशी एका बॅचला चार आले.

माझा पहिला संशय नेहमी माझ्यावरच असतो. त्यानं वेळ वाचतो. मी तक्ता पुन्हा मांडला, पोरांकडून पुन्हा करून घेतला. चारच. सरांना बोलावलं. ते म्हणाले, मग चौथं वजन आहे असं धरा आणि उलटं सोडवा, किती भरतं बघू. किलोच्या थोडं वर भरलं. सगळे टेबलाखाली, मशीनमागे वजन शोधायला लागले.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. रफीकभाई आले, फ्रेमच्या मागे बाहेर आलेल्या लवचीक पट्टीला अडकवलेली डब्याची पिशवी काढून घेऊन गेले. चौथा आकडा गेला. जेवून आले, पिशवी परत अडकवली. आकडा आला, पण जरा सरकलेला.

सरांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि विचारलं, "रफीकभाई, आज एक पोळी उरली का?"

उरली होती. त्या दिवसापासून रफीकभाईंनी डबा स्टाफरूममध्ये ठेवायला सुरुवात केली. म्हणाले, "घरी बायको डबा उघडून पाहते. इथं मॅट्रिक्स न उघडता!"

* * *

अकोल्याच्या एका दाल मिलमधून फोन आला. डाळ चाळायची मोठी चाळणी थरथरते, माणसं जवळ उभी राहत नाहीत.

आम्ही तिघं गेलो. ठिकठिकाणी सेन्सर चिकटवले, मोजलं, तिथंच बसून मी तक्ता सोडवला. पहिलाच आकडा शून्य. याचा अर्थ काय होतो माहितीये? आख्खं यंत्र कशालाच बांधलेलं नाही. ढकललं तर जाईल, आणि परत यायचं त्याला काही कारण नाही.

मालक हसले. चारही कोपऱ्यांना मनगटाएवढे नटबोल्ट होते, वर्षानुवर्षं रंग दिलेले. माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून मी लॅपटॉप मिटायला लागले. सर मात्र नियमाप्रमाणे उठले आणि बोल्टला हात लावायला गेले. बोटानं ढकलताच बोल्टचं डोकं घरंगळत गेलं. खाली काहीच नव्हतं. बोल्टचा दांडा कधीचा गंजून मातीत मिळाला होता. मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही तसेच.

मालकांनी विचारलं की मग एवढी वर्षं हे धूड जागेवर उभं कसं राहिलं?

रफीकभाई म्हणाले, "सवयीनं."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत मी माझ्या नेमणूकपत्राचा विचार करत होते.

* * *

आमच्याकडे एक छोटा यंत्रहात आहे. खांदा, कोपर, मनगट, पंजा. प्रत्येक सांध्याची आपली मॅट्रिक्स, त्यांचा गुणाकार केला की पंजा कुठं पोचणार ते कळतं. गंमत अशी की इथं गुणाकाराचा क्रम बदललेला चालत नाही. आधी वळून मग चाललं आणि आधी चालून मग वळलं, तर माणूस वेगवेगळ्या गावाला पोचतो. हे मी दर वर्षी शिकवते, आणि दर वर्षी कुणीतरी क्रम उलटा घालतं.

त्या वर्षी प्रणालीनं घातला. शेवटच्या वर्षाची हुशार पोरगी. पाहुण्यांसमोर यंत्रहातानं खडू उचलून सरांच्या हातात द्यायचा होता. हातानं खडू उचलला, सरांकडे पाठ फिरवली, आणि मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे लांब झाला. तिथं सरांचं शिकवताना बसायचं स्टूल होतं. पंजा स्टुलाच्या चांगला हातभर वर थांबला आणि उघडला.

खडू पडून तुकडे व्हायला हवे होते. तो पडला नाही. उतरला. स्टुलावर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असंच करायचं होतं.

प्रणालीनं क्रम सुधारला, दुसऱ्या खडूनं प्रयोग व्यवस्थित झाला. पाहुणे गेल्यावर ती पहिला खडू उचलायला निघाली तर रफीकभाईंनी तिला अडवलं.

"राहू दे. ज्याले देल्ला त्याचा झाला थो."

आम्ही हसलो. पण उचलला कुणीच नाही. खडू आहे तिथंच आहे, झाडू त्याच्या बाजूनं फिरतो. सर तेव्हापासून लॅबमध्ये उभ्यानं शिकवतात. पाठीच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. खुर्ची त्यांना चालते, फक्त स्टूल चालत नाही.

* * *

नांदगाव पेठच्या एमआयडीसीतला किस्सा मी घरी अजून सांगितलेला नाही.

कापडाचं युनिट. वरच्या मजल्यावर मशिनी चालल्या की मजल्याची जमीन गुणगुणायची. साप्ताहिक सुट्टी, सगळी यंत्रं बंद, हॉलमध्ये आम्ही तिघं आणि चाव्या घेऊन आलेले सुपरवायझर. साठीला टेकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. रबरी डोक्याच्या हातोड्यानं जमिनीवर चौकटी-चौकटीनं ठोकत जायचं, प्रत्येक ठोक्याला बाकीच्या चौकटी किती हलतात ते टिपायचं, आणि त्यावरून मजल्याचा तक्ता बनवायचा, असं काम.

तक्ता झाला. मशिनींची वजनं जिथल्या तिथं दिसली. पण पलीकडच्या खिडकीजवळ, जिथं काहीच नव्हतं, तिथंही एक वजन दिसत होतं.

मी रफीकभाईंना विचारलं की तुम्ही तिथं उभे होतात का? ते जिन्याजवळ होते. पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. सर त्या जागी गेले, वाकून जमिनीला हात लावला. गुळगुळीत, थंड फरशी. खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहिलं. ना पाइप, ना पंखा. शेवटी सरांनी रिपोर्टमध्ये 'स्थानिक अतिरिक्त वजन, कारण अज्ञात' असं लिहायला सांगितलं आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

मी वायरी गुंडाळत होते. सुपरवायझर माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मॅडम, खिडकीपाशी काई दिसलं का?"

मी म्हटलं हो, थोडं वजन दिसतंय, आमची चूकही असेल.

"किती?"

"पंचवीस किलोच्या आसपास."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. घाबरल्यासारखं नाही, आपल्या माणसाकडे पाहावं तसं.

"मांगच्या सालीबी मोजलं होतं कोनीतरी," ते म्हणाले. "वाढलं मंग."

आणि चाव्या वाजवत जिना उतरून गेले.

त्या संध्याकाळी मिठीला मी वजनकाट्यावर उभं केलं. काही कारण नव्हतं. तिचं अकरा भरलं, तक्त्याप्रमाणे बरोबर. डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे म्हणतेय मी.

* * *

मधे जरा हलकं सांगते, नाहीतर तुम्ही ऐकायचं बंद कराल.

बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना पॅसेंजरमध्ये समोर एक आजी होत्या. मिठी माझ्या मांडीवर, बाजूला तिची फुलाफुलांची बॅग. आजींनी सगळी चौकशी केली. कुठं चालली, कोण आहे तिथं, काय शिकवते. मी सोपं करून सांगितलं, की बरेच जण एकमेकांना बांधलेले असले आणि त्यातला एक हलला, तर बाकी कोण कोण किती हलतं, त्याचं गणित.

आजींनी विचार केला.

"म्हंजे सासरचं गनित हाये म्हना."

आख्खा डबा हसला. मीही हसले, पण त्या गणितात मी कुठल्या चौकटीत आहे ते मला त्या दिवशी नेमकं ठाऊक होतं. बॅगेत मिठीचे सगळे फ्रॉक होते. काकू पुण्याला गेल्या होत्या. सोमवारपासून मिठी अकोल्यात राहणार, असं ठरवून मी निघाले होते.

* * *

आता हा शेवटचा. तो त्याच प्रवासाच्या दुसऱ्या टोकाचा.

सासूबाईंच्या हॉलमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा, आहे. साधी सागवानी फळी, दोन टोकांना लोखंडी कड्या. जेवणं झाली होती. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. आई, म्हणजे सासूबाईच, खाली चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि पायाच्या अंगठ्यानं फळीला अधूनमधून मधोमध धक्का देत होत्या. मिठी फळीच्या डाव्या टोकाला बसली होती. मी आतल्या खोलीच्या दारात बसून तिचे फ्रॉक बॅगेतून काढून कपाटात ठेवत होते, आणि प्रत्येक फ्रॉकला मनात म्हणत होते, नको.

टोकाला बसलेलं मूल पडेल म्हणून मी उठून मिठीला फळीच्या मध्ये बसवलं. ती सरकत सरकत परत टोकाला गेली. मी पुन्हा मध्ये बसवलं. ती पुन्हा टोकाला. आई म्हणाल्या, तिची तीच जागा आहे, मागल्या खेपेपासून. मी सोडून दिलं.

फ्रॉकांकडे परत आले आणि माझा हात थांबला. कारण फळी सरळ झुलत होती.

तुम्ही सगळे कधी ना कधी झोपाळ्यावर बसलेले आहात, तुम्हाला माहीत आहे. एका टोकाला वजन असलं आणि मधोमध धक्का दिला की फळी सरळ जात नाही. हलकं टोक पुढं पळतं, जड टोक मागे रेंगाळतं, फळी वाकडी होऊन तिरपी चालते. आमच्या भाषेत, झुलणं आणि वळणं एकमेकांना ओढतात, त्या चौकटींत आकडा येतो. तो शून्य कधी येतो? वजन दोन्हीकडे सारखं असलं तरच.

मिठीचं टोक आणि दुसरं टोक बरोबरीनं पुढं जात होती, बरोबरीनं मागे येत होती. अंगणात कवायत चालावी तसं. आईंनी पुन्हा अंगठ्यानं धक्का दिला. पुन्हा सरळ.

मी स्वतःला समजावलं. जुनी फळी आहे, दुसरं टोक जड असेल. लाकूड तसं असतं. दहा-अकरा किलोनं जड? असेल. माझ्या शंका मला नवीन नाहीत, मी दरवाजाची कडी तीनदा बघणारी बाई आहे. साधा उपाय होता. मी गेले, मिठीला उचलून कडेवर घेतलं, रिकामी फळी थांबवली, आणि मधोमध हलकासा धक्का दिला.

फळी तिरपी गेली. मिठीचं रिकामं टोक पुढं पळालं. दुसरं रिकामं टोक मागे रेंगाळलं.

म्हणजे फळीच जड आहे त्या बाजूला, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं बहुतेक, कारण आईंनी वर पाहिलं. सरांचा नियम मला आठवत होता. त्या टोकापर्यंत एकच पाऊल होतं. मी गेले नाही.

आईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फळीच्या त्या टोकाला गेल्या. एका हातानं कडी धरून फळी थांबवली. दुसरा हात फळीच्या वर थोड्या उंचीवर नेला, तळवा आतल्या बाजूला करून, मुलाच्या पाठीमागे धरतो तसा. मग तो हात हळूच खाली आणला. फरशीपर्यंत.

परत येऊन चटईवर बसल्या. अंगठ्यानं फळीला मधोमध धक्का दिला.

रिकामी फळी सरळ गेली. सरळ आली.

मी मिठीला कडेवरून उतरवलं नाही. एका हातानंच कपाटातले फ्रॉक ओढून बॅगेत कोंबायला लागले. आई शेंगा सोलत होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"कायले बॅग भरून राहिली वं माय? राहू दे इथंच तिले. इथं एकली नाय पडत थे."